सहलीत चूल कोण पेटवतं?

(श्रीरामपूर तालुक्यातील महिला मंडळे आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण मारहाण, पोटगी, रेशन अशा विषयांवर बोललो. आता माझ्या सत्राचा विषय ‘वसंतातली कौटुंबिक सहल’ असा वाचून काही जणींना हसू आलं. एक ताई म्हणाल्याही, ‘‘हे काय, चैनीचं!’’ मला त्या ‘चैनीचं’ या शब्दापासूनच सुरुवात करायची आहे. बाईनं नुसतं बसणं, पाण्यात पाय सोडणं, आभाळाकडे बघणं हे आपल्यालाच चैनीचं वाटतं. का वाटतं, ते बघू.

आपल्या भागातला वसंत कसा असतो? होळी झाली, गहू घरात आला, कांदा निघाला, उसाच्या टोळ्या परतीला लागल्या. शाळांच्या परीक्षा आटोपत आल्या. श्रीरामपुरात रामनवमीची यात्रा भरते. प्रवरेचं पाणी बंधाऱ्यांच्या मागे आणि डोहांत उरतं, आणि पाणी कमी झालं की मासा सापडतो. मग गाड्या निघतात. कुणी बेलापूरजवळ प्रवरेवर, कुणी गोदावरीच्या काठी, कुणी प्रवरासंगमच्या पुढे जायकवाडीच्या फुगवट्यावर. ज्यांची ऐपत आहे ते थेट भंडारदऱ्याला जातात. हे धरण 1926 साली पुरं झालं आणि त्याच्याच पाण्यानं आपला हा भाग बागायत झाला. आता त्या जलाशयाच्या काठावर भाड्याचे तंबू मिळतात. गळ टाकायचा, रात्री शेकोटी करायची, मुक्काम करायचा, सकाळी परत यायचं. आजकाल त्याला सगळेच ‘कॅम्पिंग’ म्हणतात.

मुक्कामी जाणं आपल्याला नवं नाही. मढीच्या कानिफनाथाला होळीपासून पाडव्यापर्यंत माणसं बिऱ्हाडासकट उतरतात. बैलगाडी होती तेव्हाही तीन दगडांची चूल होती. आज बैलगाडीच्या जागी जीप आली. चुलीपुढची व्यक्ती मात्र बदलली नाही.

गेल्या वर्षी आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही एक साधं काम केलं. नुकत्याच सहलीला जाऊन आलेल्या बायकांना विचारलं, आदल्या दिवसापासून काय काय केलंत ते सांगा. फळ्यावर दोन रकाने आखले, एक बाईचा आणि एक बाप्याचा. बाईच्या रकान्यात आलं ते असं. आदल्या दिवशी मसाला वाटला. पीठ, मीठ, तेल, कांदे, कोथिंबीर बांधली. तवा, परात, पातेली काढली. सासूबाईंच्या गोळ्या, बाळाचे कपडे, सतरंज्या घेतल्या. पहाटे चारला उठून घरातलं सारं उरकलं, कारण म्हशीला सहल नसते. नदीवर पोचल्यावर सरपण गोळा केलं, चूल मांडली. मुलं पाण्याकडे जाऊ नयेत म्हणून एक डोळा तिकडे. मासे आल्यावर ते खवले काढून, चिरून, धुऊन रस्सा केला. उन्हात बसून पंचवीस भाकरी थापल्या. सगळ्यांचं झाल्यावर जेवली. राखेनं भांडी घासली. घरी आल्यावर माशाच्या वासाचे कपडे धुतले.

बाप्याच्या रकान्यात आलं: गाडी चालवली, मासे धरले. एक ताई म्हणाल्या, ‘‘फोटोपण काढले की!’’ तेही लिहिलं. मग दुसऱ्या ताई म्हणाल्या, ‘‘पण फोटोत मी नाहीच, मी चुलीपाशी होते.’’ खोली हसली आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

ही एका गावाची गंमत नव्हे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होते, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषाची 97 मिनिटं जात होती. आणि असं काम करणारे पुरुष होते तरी किती? शंभरातले सव्वीस. बायका शंभरातल्या एक्क्याऐंशी. म्हणजे रविवार असो की सण, हे काम सुट्टी घेत नाही. सहल म्हणजे तेच काम, फक्त नळ, ओटा आणि गॅसशिवाय.

रविवारची गोष्ट निघाली म्हणून सांगते. ही आठवड्याची सुट्टी आपल्या कामगारांना कुणी फुकट दिलेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या, आणि 1890 मध्ये गिरणी मालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. त्या वर्षीच्या मोठ्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या, अशी नोंद आहे. गिरणीतल्या बाईला गिरणीतून सुट्टी मिळाली. घरातून मिळाली का? रविवारी तर घरात सगळे असतात, म्हणून काम जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्क जाहीरनाम्यात चोविसावं कलम विश्रांतीचं आणि मोकळ्या वेळाचं आहे. स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्याचा 1979 चा करार, ज्याला भारतानं 1993 मध्ये मान्यता दिली, त्याचं तेरावं कलम करमणूक आणि खेळ यांत भाग घेण्याचा बाईचा हक्क सांगतं. तेव्हा मघाच्या ताईंना माझं सांगणं आहे, ही चैन नव्हे, हा हक्क कागदावर आलेला आहे. कागदावरून नदीकाठी आणायचा राहिला आहे.

आता त्याच नदीकाठच्या दुसऱ्या कुटुंबाकडे वळू. आपण सतरंजी पसरतो, तिथून हाकेच्या अंतरावर भिल्ल समाजाची पालं असतात, कुठे भोई समाजाची घरं असतात. ते लोक दिवसभर मासे धरतात, उघड्यावर राहतात, चुलीवर रांधतात. आपण हौसेनं करतो तेच सारं. पण त्यांची ती रोजी आहे. आपली गाडी संध्याकाळी निघून जाते, त्यांचा मुक्काम तिथेच असतो.

त्या घरातल्या बाईचा दिवस पाहा. जाळं फाटलं की शिवायला ती. उथळ पाण्यात साडीच्या कापडानं झिंगे, बारके मासे गाळायला ती आणि तिच्या मुली. नवरा मोठं जाळं टाकायला जातो तेव्हा दुसरं टोक धरायला ती. मरळ, वाम, चिलापी निवडून पाटीत भरून, डोक्यावर घेऊन बाजाराला जायला ती. उरलेला मासा उन्हात वाळवायला ती. आणि घरात रस्सा, भाकरी, पाणी, लेकरं हे आहेच. तिला विचारलं, ‘‘मावशी, तुम्ही काय काम करता?’’ तर ती म्हणते, ‘‘मी कुठं काय करते, मालक मासे धरतात.’’

हे उत्तर तिनं एकटीनं बनवलेलं नाही. तलावातल्या आणि धरणातल्या मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना मिळतो आणि सभासद होण्यासाठी प्रत्यक्ष मासेमारी करणारा, ‘क्रियाशील’ मच्छीमार असावं लागतं. क्रिया कुणाची मोजायची? होडीवर बसून जाळं टाकणाऱ्याची. जाळं शिवणारी, मासा निवडणारी, विकणारी क्रियाशील ठरत नाही. मी ज्या वस्त्यांवर काम करते तिथे संस्थेच्या यादीत बाईचं नाव आलं तर ते बहुधा नवरा वारल्यावर. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं 2014 मध्ये लहान मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत मासा पाण्याबाहेर आल्यानंतरचं कामही मासेमारीतच धरलं आहे आणि त्यातल्या बायकांचा उल्लेख आहे. आपल्याकडच्या यादीत ते यायला आपल्याला मागणी लावून धरावी लागेल.

त्यात वाळूचा उपसा. प्रवरा आणि गोदावरीतून वाळू किती गेली हे तुम्ही डोळ्यांनी पाहता. वाळू गेली की डोहाची ठेवण बिघडते, माशाला अंडी घालायला जागा राहत नाही, आणि जिथे पोरं गुडघाभर पाण्यात खेळायची तिथे अचानक पुरुषभर खड्डा लागतो. मासा कमी झाला की पाटी घेऊन बाईला आणखी लांब जावं लागतं. वर आपण सहलीला जाऊन तिच्याशी किलोमागे दहा रुपयांची घासाघीस करतो आणि काठावर प्लॅस्टिकची ताटं आणि बाटल्या टाकून येतो. आपल्या गाडीमागे तिचा काठ झाडायलाही तीच.

म्हणून मला वाटतं, या दोन बायकांना आपण एका फळ्यावर मांडलं पाहिजे. एकीच्या कामाला ‘हौस’ म्हणतात, दुसरीच्या कामाला ‘मदत’ म्हणतात. काम म्हणत नाहीत, एवढं दोघींमध्ये सारखं आहे. फरकही विसरू नका. पहिलीला न जाण्याची मोकळीक आहे, घरी पक्कं छप्पर आहे. दुसरीला दोन्ही नाही. बाई म्हणून आपण सगळ्या सारख्या, असं म्हणून हा फरक पुसायचा नाही.

आता जरा अवघड गोष्टीकडे येते. आपण बायका घराबाहेर पडतो त्याला कारण लागतं. वारी, यात्रा, चैत्रातलं हळदीकुंकू, माहेरचं लग्न, दवाखाना. देवाचं किंवा दुखण्याचं नाव असलं की परवानगी मिळते. नुसतं ‘जाऊन येते’ असं म्हणता येत नाही. हळदीकुंकवात तर विधवा बहिणीला बोलावणंही नाही. सहलीला तिला नेतात, पण लेकरं सांभाळायला. मुंबईतल्या तीन अभ्यासक, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे, यांनी 2011 मध्ये बायकांनी शहरात विनाकारण रेंगाळण्याच्या हक्कावर एक पुस्तक लिहिलं. ते मुंबईबद्दल आहे. पण श्रीरामपूरच्या बसस्थानकावर किंवा प्रवरेच्या घाटावर बाई विनाकारण बसली तर तिच्याकडे कसं बघतात, हे तुम्हाला पुस्तकातून समजून घ्यायची गरज नाही.

आमच्या एका गटानं फक्त बायकांची एक दिवसाची सहल ठरवली. पैसे गटाच्या बचतीतून, जेवण विकत. एका ताईच्या घरी जोराचं भांडण झालं. नवरा म्हणाला, ‘‘घरच्यांबरोबर गेलीस ना होळीला, मग परत कशाला?’’ त्या म्हणाल्या, ‘‘तिथं मी भाकरीच थापत होते. इथं न थापता बसले तर कुणाचं काय बिघडतं?’’ त्यांच्यावर हात उगारला गेला. दुसऱ्या दिवशी गटातल्या सहा जणी त्यांच्या घरी जाऊन बसल्या. ओरडा केला नाही, नुसत्या बसल्या, चहा घेतला, आणि सासऱ्यांसमोर सांगितलं की ताई आमच्याबरोबर येणार आहेत आणि परत आल्यावर आम्ही पुन्हा चहाला येणार आहोत. ताई आल्या. नदीत पाय सोडून बसल्या. येताना गाडीत म्हणाल्या, ‘‘मला वाटलं होतं रिकामं बसवणार नाही. बसवलं की.’’

सकाळच्या सत्रात आपण ज्याला हिंसा म्हणालो ती आणि ही सहल अशी एकमेकींना लागून आहेत. बाईचा वेळ कुणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

तर करायचं काय? मला सुचतं ते मांडते, तुम्ही भर घाला.

एक, पुढच्या सहलीच्या आधी घरात काम वाटून घ्यायचं, आणि ते सगळ्यांसमोर. मासे धरतो त्यानं ते साफ करायचे. साफ करायला लागलं की किती धरायचे याचंही भान येतं. भाकरी जमत नसतील तर भात टाकावा. तो मुलांनाही येतो.

दोन, वर्षातून एकदा गटाची सहल. देवदर्शनाच्या नावाखाली नको, सहल म्हणूनच. विधवा, परित्यक्ता, लग्न न केलेल्या, सगळ्या त्यात बरोबरीनं.

तीन, मुलींना पोहायला शिकवा. सुट्टीत मुलगे कालव्यात उड्या मारून शिकतात आणि मुली काठावर कपडे सांभाळतात. आवर्तन सुटलेल्या कालव्यात मात्र कुणीच उतरू नये, त्या पाण्याला ओढ फार असते आणि बाजूंना धरायला काही नसतं. जाणत्या बाईच्या देखरेखीत, संथ पाण्यात, सलवार-कुडत्यावर शिकता येतं.

चार, जिथे ग्रामपंचायत किंवा शासन पर्यटनाच्या पाट्या लावतं तिथे बायकांसाठी संडास आणि कपडे बदलायला आडोसा मागायचा. दिवसभर पाणी न पिता सहल करणाऱ्या बायका या खोलीतही असतील.

पाच, मासेमारी संस्थांच्या सभासद यादीत बायकांची नावं. तालुक्यात कोणत्या तलावावर कोणती संस्था आहे, सभासद किती, त्यांत बाया किती, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्ज आपण लिहू, पण नदीकाठच्या बायकांना बरोबर घेऊन लिहू. त्यांच्या वतीनं परस्पर नको.

आता मी थांबते. गटागटांत बसा. प्रत्येकीनं एका कागदावर लिहायचं: शेवटची सहल कधी झाली, आणि त्या दिवशी मी सलग किती वेळ काहीच न करता बसले होते. लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगायचं. तासाभरानं कागद वाचू, आणि माहितीच्या अर्जावर पहिली सही कोण करणार तेही ठरवू.