गटासाठी कीबोर्ड घेताना

भजनी मंडळासाठी 'कॅसिओ' घेऊ या, असं बऱ्याच गटांच्या बैठकीत निघतं. कॅसिओ हे खरं तर कंपनीचं नाव. तिचा पहिला कीबोर्ड 1980 साली आला, त्यावर 8 सूर एकदम वाजायचे.

पैसे गटाचे आहेत, तेव्हा दुकानात दिवे बघून भुलू नका. दोन्ही हातांनी 8-10 पट्ट्या एकदम दाबून धरा. सगळे सूर ऐकू आले पाहिजेत. खेळण्यातल्या कीबोर्डवर बहुधा एकच उरतो. डाव्या हाताने सा-प धरून उजव्याने चाल वाजवताना धरलेला सा तुटला, तर तो कीबोर्ड आपल्या कामाचा नाही.

मग ट्रान्सपोजचं बटण बघा. एक बाई काळी चारमध्ये गाते, दुसरी पांढरी पाचमध्ये. या बटणाने सूर वरखाली होतो, वाजवणारीची बोटं तीच राहतात. नवशिकीला केवढा आधार!

सेलवर चालतो का, हेही विचारा. ऐन हरिपाठात वीज जातेच.

शेकडो आवाज आणि ताल असल्याचं दुकानदार सांगेल. त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत असं माझं मत. आपल्याला पेटी, बासरी पुरे. ताल धरायला मृदंग आहेच.

बिल मात्र गटाच्या नावाने घ्या.