पंढरीत पाहुण्यासारखं राहावं

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात केलेलं भाषण)



आम्ही चौथी शिकलेले शेतकरी माणूस. शंभर वर्षांचं कौतुक आज पुष्कळ झालं, म्हणून आम्ही एक चूक सांगतो.

पंढरपूर लाखभर वस्तीचं गाव. आषाढीला तिथं दहा लाखांच्या वर माणूस येतं. वाळवंटात तंबूंची घाण इतकी झाली की उच्च न्यायालयाला आळा घालावा लागला. मग दिंड्यांना नदीपल्याड ६५ एकरांत जागा मिळाली. आपण मात्र आजोबांच्या काळापासून महाद्वाराजवळच्या बोळात एका वाड्यात उतरतो.

२०१२ साली द्वादशीला वाड्यातल्या आजींनी आम्हाला बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "बुवा, वारकऱ्यांच्या पाया पडणारी बाई मी. पण उंबऱ्यावर माणसं निजलेली, गटारीत पत्रावळ्या, रात्री दोनला टाळ. काल सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या, रिक्षा बोळात शिरेना. खाटेवर उचलून नेली. देवानं तारलं. पुढच्या वर्षी दुसरीकडं बघा."

आम्हाला आधी रागच आला. त्या संध्याकाळी आमचं कीर्तन होतं, विषय भूतदया. तोंडातून शब्द फुटेना.

पुढच्या वारीआधी आम्ही जाऊन हात जोडले आणि नेम सांगितला. बोळात माणूस जाईल एवढी वाट कायम मोकळी. पहाटे चारच्या आत टाळ नाही. खरकटं पोत्यात भरून ट्रकवर. जुनी कापडं चंद्रभागेत सोडायची नाहीत. काला झाला की बोळ झाडून मगच गाव सोडायचं. आजी म्हणाल्या, "एक वर्ष बघते."

चौपट भाडं सांगणारेही तिथं भेटतात. ते बोलायचंच. पण आपलं खरकटं आपण उचललं, तरच बोलायला तोंड राहतं.

२०२० ला पादुका एसटीनं गेल्या, आपण घरीच राहिलो. एकादशीला आजींचा फोन आला, "बुवा, बोळ मोकळा आहे हो, पण घर खायला उठतंय."

आता दिंडीत नवी पोरं पुष्कळ आलीत आणि नेम ढिला पडतोय. म्हणून यंदा काल्यानंतर आम्ही वीणा दुसऱ्याच्या गळ्यात देऊन खराटा हातात घेणार. मागं कोण कोण येतंय ते बघू.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!