वाडीतली माशी आणि आपलं आवार
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सकाळी सातला टोपी घालून मी वाडीत कशाला जातो, असं लिफ्टमध्ये बरेच जण विचारतात. आज उत्तर देतो. मी माश्या मोजायला जातो. मधमाश्या आणि त्यांच्या रानातल्या भावंडं.

दसरा ते होळी हा आमच्या कामाचा हंगाम. फुलासमोर दहा मिनिटं उभं राहायचं आणि कोण आलं, किती वेळ बसलं, ते वहीत लिहायचं. कारल्याच्या काही मादी कळ्यांना आदल्या संध्याकाळी मलमलीची पिशवी बांधायची. मादी फूल ओळखणं सोपं, फुलाखाली बारकंसं कारलं आधीच असतं. पिशवीतलं कारलं पिवळं पडून गळतं, शेजारचं माशी बसलेलं धरतं. हे पाहिलं की वाडीवाल्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

सगळ्याच पिकांना माशी लागते असं नाही. आपली वसईची केळी परागकणांशिवायच धरतात. शिराळ्याचं फूल संध्याकाळी उमलतं, तिथे पतंग येतात. वांग्याची मात्र गंमत आहे. त्याचे पराग पिवळ्या नळ्यांत बंद असतात आणि नळीच्या टोकाला मीठदाणीसारखं भोक असतं. थोडं काम वाऱ्याने होतं. पण निळ्या पट्ट्यांची माशी किंवा काळा भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो, तेव्हा पराग भुरूभुरू पडतात. पेटीतल्या सातेरी मधमाशीला ही कला येत नाही. म्हणजे मधाच्या पेट्या आणून ठेवल्या तरी हे काम रानमाशीचंच.

आता आपल्या सोसायटीकडे येतो. ही निळ्या पट्ट्यांची माशी पोळं बांधत नाही. प्रत्येक मादी एकटीच उघड्या मातीत बीळ खणते, आत पराग-मधाचा गोळा ठेवून अंडं घालते. भुंगा वाळक्या लाकडात घर करतो. आपल्या मागच्या भिंतीलगतच्या मातीत अशी बिळं आहेत आणि भिंतीपलीकडे वांग्याची वाडी आहे. येत्या वार्षिक सभेत त्याच जागेवर पेव्हर ब्लॉक टाकायचा ठराव येतोय. पावसात चिखल होतो, पार्किंग कमी पडतं, हे मलाही कळतं. मीही त्याच चिखलातून स्कूटर काढतो. म्हणून सगळं अडवा असं म्हणत नाही. भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी तेवढी उघडी ठेवा. शेवग्याचं वाळकं खोड तिथेच राहू द्या.

आणखी एक. टाकीखाली आग्या माश्यांचं पोळं लागलं की औषध मारायला माणूस बोलावतात. आग्या चावला तर जिवावर बेतू शकतं, त्यामुळे भीती खोटी नाही. पण दगड, धूर, फवारा यांनी त्या उठतात. मुलांना लांब ठेवा, गच्चीला कुलूप लावा. पोळं वाटेतच असेल तर जाणकाराला बोलवा. एरवी पाऊस लागायच्या आत सहसा त्या आपणहून जातात.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा या माश्या इथे होत्याच. बाजारात ताजं वसईचं वांगं मागताना त्यांच्यासाठी तीन फूट माती सोडायची का, एवढं सभेत हात वर करण्याआधी ठरवा.