वादकांची नावं आणि सप्ताहाची पत्रिका
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं होतं, "साहेब, तुम्ही बँकेतले. पंचवीस वर्षांच्या कारभाराचा आढावा घ्या." पण आढावा सचिवांनी अहवालात घेतलेलाच आहे. तेच आकडे पुन्हा वाचून तुमच्या जेवणाला उशीर करत नाही. मी आज बोलणार आहे जुन्या गाण्यांविषयी. हा माझा नाद शेजारपाजाऱ्यांना सकाळी सहा वाजताच कळतो, त्याबद्दल आधी माफी मागतो.

सुरुवात वरातीपासून करू. आपल्याकडे बँडवाल्याने 'नागिन'ची धून धरली, की तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळणारा एक तरी पाहुणा निघतोच. 'नागिन' हा १९५४ सालचा सिनेमा. म्हणजे सत्तर वर्षं ही धून वाजते आहे. पण मुळात ती पुंगी वाजवली कोणी? मी चारचौघांना विचारून पाहिलं. एकजण म्हणाला, खराच गारुडी आणला असेल. मंडळी, ती पुंगी नव्हतीच. क्लॅव्हिओलिन नावाचं विजेवर चालणारं एक वाद्य होतं आणि ते वाजवलं होतं कल्याणजी वीरजी शहा यांनी. संगीतकार होते हेमंतकुमार. फिल्मफेअर पारितोषिक त्यांना मिळालं आणि ते योग्यच झालं. कल्याणजी पुढे भावाबरोबर स्वतः संगीतकार झाले, म्हणून त्यांचं नाव तरी आपल्याला माहीत आहे. जे शेवटपर्यंत वादकच राहिले, त्यांचं काय?

त्या काळी गाणं कसं तयार व्हायचं, ते थोडक्यात सांगतो. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा. पण गाण्याच्या आधी आणि दोन कडव्यांच्या मध्ये जे संगीत वाजतं, पन्नास व्हायोलिनांनी काय वाजवायचं, ट्रम्पेट कुठे शिरायचा, हे कागदावर लिहून काढणारा वेगळा माणूस असायचा. त्याला अरेंजर म्हणत. हे काम करणारे पुष्कळजण गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती पोरं पोटासाठी मुंबईला आली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून स्टुडिओत गेली. गायक आणि सगळे वादक एकाच वेळी, एकाच खोलीत. शेवटच्या ओळीत एकाची चूक झाली, की सगळ्यांनी पहिल्यापासून सुरू करायचं! काम झालं की त्या दिवसाचे पैसे घ्यायचे आणि घरी जायचं. पडद्यावर नाव नाही, तबकडीवर नाही, रेडिओवर तर नाहीच.

मी १९७७ साली परभणीला 'अमर अकबर अँथनी' पाहिला. अमिताभ अंड्यातून बाहेर येतो आणि आपलं नाव सांगतो, अँथनी गोन्साल्विस. आम्ही शिट्ट्या मारल्या. हे नाव कुणीतरी गंमत म्हणून रचलंय, अशीच माझी पुढची कित्येक वर्षं समजूत होती. हा माणूस खरा होता! १९२७ साली गोव्यातल्या माजोर्ड्याला जन्मलेला. व्हायोलिनवादक, अरेंजर आणि शिक्षक. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल हे त्यांचे विद्यार्थी. १९५८ साली त्यांनी भारतीय रागांवर आधारलेलं संगीत मोठ्या वाद्यवृंदाकडून मुंबईत सादर केलं. १९६५ साली ते अमेरिकेला गेले, परत आल्यावर गावीच राहिले आणि २०१२ साली वारले. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं म्हणून ते देशभर पोचलं. पण त्या नावाचा माणूस हयात आहे, हे शिट्ट्या मारणाऱ्या आम्हा लोकांना ठाऊक नव्हतं.

सबॅस्टियन डिसोझा यांचंही तसंच. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतली ती व्हायोलिनांची लाट वर्षानुवर्षं या माणसाने कागदावर लिहिली. त्याच जोडीचे साहाय्यक दत्ताराम. त्यांच्या ढोलकाच्या ठेक्याला वादक 'दत्तू ठेका' म्हणतात. 'आराधना'त १९६९ साली अकॉर्डियन वाजवलं केरसी लॉर्ड यांनी. आणि आपल्या मराठीतलं उदाहरण द्यायचं तर 'गीतरामायण'. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, छप्पन्न गीतं. गदिमा आणि बाबूजी ही नावं घराघरात आहेत, असायलाच हवीत. पण त्यातलं व्हायोलिन प्रभाकर जोग यांचं, हे किती घरांत माहीत आहे?

हे आपल्याच देशात झालं असंही नाही. नातवाने मला मोबाइलवर अमेरिकेतली सोल संगीताची गाणी ऐकवली. डेट्रॉइट शहरात मोटाउन नावाची कंपनी होती. तिच्या गाण्यांमागे ठरलेले वादक असत, आपसात त्यांना 'फंक ब्रदर्स' म्हणत. बास गिटार वाजवायचे जेम्स जेमरसन. एवढी गाजलेली गाणी, पण या वादकांची नावं पहिल्यांदा नीट छापली गेली ती १९७१ साली, मार्विन गे यांच्या तबकडीवर. जेमरसन १९८३ साली वारले. त्या वादकांवर सिनेमा निघाला २००२ साली! आणि आपल्या मुंबईच्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली सविस्तर पुस्तक लिहिलं ते न्यूझीलंडमधल्या विद्यापीठातले प्राध्यापक ग्रेगरी बूथ यांनी. ते सातासमुद्रापलीकडून आले. आपण इथेच होतो, पण विचारलं नाही.

एकेकाळी गायकांचीही हीच गत होती. १९४९ साली 'महल' आला, तेव्हा तबकडीवर लता मंगेशकर हे नाव नव्हतं, सिनेमातल्या पात्राचं नाव होतं, 'कामिनी'. लोकांनी विचारलं, ही गाते कोण? तेव्हा कुठे नाव पुढे आलं. मला वाटतं, यातच सगळं आलं. विचारणारा असेल तरच नाव छापलं जातं.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरं वाटत नाही. नोकरीत असताना एका वर्षी वार्षिक हिशेब जुळेना. सगळं हाताने लिहायचे दिवस. फरक काही पैशांचा, पण बँकेत पैसा काय आणि लाख काय, फरक तो फरकच. रात्री दोन वाजता आमच्या दफ्तरीने व्हाउचरांच्या गठ्ठ्यातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या दिवसाच्या गठ्ठ्यात बांधला गेलेला. हिशेब जुळला. त्या वर्षी शाखेला ढाल मिळाली. फोटोत ढाल माझ्या हातात आहे. दफ्तरी फोटोत नाहीत, मीच त्यांना चहा सांगायला पाठवलं होतं. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. हे भाषण लिहिताना त्यांचं पूर्ण नाव आठवायला बसलो, तर आठवेना. अँथनी गोन्साल्विसांचं गाव मला माहीत आहे आणि माझी लाज राखणाऱ्या माणसाचं आडनाव माहीत नाही.

या बाबतीत आपल्याकडची एक पद्धत मला फार मोठी वाटते. आपण नामदेव महाराजांच्या नर्सीच्या जिल्ह्यातली माणसं. गावात सप्ताह बसला, की पत्रिका निघते. तिच्यावर कीर्तनकाराचं नाव मोठं असतं, पण खाली मृदंगाचार्य असतात, गायनाचार्य असतात, पेटीवाले, विणेकरी, चोपदार, अन्नदाते, पाणीवाटप करणारे, मंडपवाला, साउंडवाला, सगळे नावासकट. आपण हसतो, म्हणतो पत्रिकेत जागा उरली नाही. पण बघा, जे मोठमोठ्या कंपन्यांना जमलं नाही, ते गावच्या एका पत्रिकेत दरसाल होतं.

म्हणून स्मरणिका समितीला माझी एकच विनंती आहे. पदाधिकाऱ्यांचे फोटो जरूर छापा, माझाही छापा. पण एक पान सप्ताहाच्या पत्रिकेसारखं करा. पहाटे चारला उठून बोअर सुरू करणारे, पाया खोदणारे मिस्त्री, रस्ते झाडणाऱ्या बाई, नोंदणीच्या कागदांसाठी निबंधकांच्या कार्यालयात चकरा मारणारे, पगार न घेता वह्या लिहिणारे. टोपणनावं नकोत, पूर्ण नावं. आणि त्यांना विचारून छापा.

एवढं बोलून रजा घेतो. जय सहकार!

ता. क. : भाषण संपल्यावर समितीने ती यादी करण्याचं काम माझ्याच गळ्यात घातलं. आठ दिवस फिरलो. सर्वांत जास्त वेळ मिस्त्रींच्या नावाला लागला, कारण पंचवीस वर्षं आपण त्यांना नुसतं 'मिस्त्री'च म्हणत आलो. यादी पुढच्या पानावर आहे. दफ्तरीमामांचं नाव अजून शोधतो आहे.