चित्रपटांची करमाफी आणि जनतेची तिजोरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या धंद्याला मिळणाऱ्या सरकारी सवलतींवर अभ्यासवर्गातील एक संपूर्ण सत्र कशाला खर्ची घालायचे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. शेतमालाचे भाव, बेकारी, शिक्षणाचे खाजगीकरण हे विषय पुढ्यात असताना करमणुकीची चिकित्सा ही चैन वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सरकार कर कोणाला माफ करते, कोणत्या अटींवर करते आणि त्याचा हिशेब कोणाला देते, हे समजून घेण्यासाठी ह्या धंद्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. पोलाद किंवा रसायनांच्या कारखान्याला मिळालेली सवलत सामान्य माणसाच्या नजरेस पडत नाही. चित्रपटाची करमाफी मात्र वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून येते आणि लोक तिचे स्वागतही करतात.

आरंभीच एक संकल्पना स्पष्ट करतो. अमेरिकेच्या अर्थखात्यात काम केलेले करतज्ज्ञ स्टॅन्ली सरी ह्यांनी १९६७ च्या सुमारास ‘करखर्च’ हा शब्द रूढ केला. सरकारने एखाद्याला दहा लाखांचे अनुदान दिले काय आणि दहा लाखांचा कर सोडला काय, तिजोरीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. फरक इतकाच की अनुदानाला विधिमंडळाची मंजुरी लागते, त्यावर चर्चा होते, लेखापरीक्षण होते. सोडलेला कर मात्र गाजावाजा न होता निघून जातो. केंद्र सरकार २००६-०७ पासून अर्थसंकल्पाबरोबर अशा सोडलेल्या महसुलाचे विवरण देते, ते ह्याच विचारातून. माफी म्हणजे खर्च, हे सूत्र मनात ठेवून आपण पुढे जाऊ.

मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ साली झाला. करमणूक ही चैन आणि चैनीवर कर बसवणे रास्त, अशी त्यामागची धारणा होती. स्वातंत्र्यानंतर राज्यांनी हा कर वाढवत नेला. स. का. पाटील ह्यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली अहवाल दिला. सरकार चित्रपटांकडून घेते पुष्कळ, पण त्यांच्या वाढीसाठी करते फारसे काही नाही, ही चित्रव्यवसायाची जुनीच तक्रार होती. पुढे १९६० साली फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाले. १९६९ साली मृणाल सेन ह्यांचा ‘भुवन शोम’ निघाला तो ह्याच महामंडळाच्या कर्जातून. ती सरकारी मदतच होती. परंतु ती कर्ज होती, तिची नोंद होती आणि कोणाला व कशासाठी दिली हे कोणालाही पाहता येत होते.

महाराष्ट्रातला महत्त्वाचा प्रयोग १९७५ चा. हिंदी चित्रपटांच्या स्पर्धेत मराठी चित्रपट कोंडला गेला होता. तेव्हा राज्य सरकारने करमणूक कर परताव्याची योजना आणली. मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर जमा झालेला कर निर्मात्याला परत मिळावा, मात्र तो पुढच्या मराठी चित्रपटाच्या निर्मितीत घालावा, हे तिचे सार. तिच्या गुणदोषांवर वाद झाले, पण तिच्या रचनेत एक शहाणपण होते. पैसा निर्मात्याच्या खिशात न थांबता पुन्हा कामात यायचा. स्टुडिओ, कॅमेरा, प्रकाशयोजना, संकलन ह्यांवर जगणाऱ्या माणसांना पुढचे काम मिळायचे. दोष असा की ज्याचा चित्रपट चालला त्यालाच परतावा भरघोस मिळे. नव्या किंवा वेगळ्या वाटेने जाणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नव्हता. पुढे दर्जानुसार ठोक अनुदान सुरू झाले. समितीने चित्रपट पाहून प्रतवारी ठरवायची आणि ‘अ’ दर्जाला ४० लाख, ‘ब’ दर्जाला ३० लाख द्यायचे, अशी ती पद्धत. तिने नवोदितांना आधार दिला हे मान्य केले पाहिजे. परंतु परताव्यात चित्रपट लोकांनी पाहणे आवश्यक होते, अनुदानात ते आवश्यक राहिले नाही. चित्रपट तयार होतो, अनुदान मिळते, पण चित्रगृहात खेळ मिळत नाही, ही आजच्या मराठी निर्मात्याची व्यथा त्यातूनच आली आहे.

खेळ का मिळत नाही, ह्याच्या मुळाशी दुसरी एक करमाफी आहे. २००१ साली महाराष्ट्राने बहुपडदा चित्रगृहांना, म्हणजे मल्टिप्लेक्सना, पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षे फक्त चतुर्थांश कर घेतला. त्याच काळात शहरातले एकपडदा चित्रगृह ४५ टक्क्यांपर्यंत कर भरत होते. बाजारपेठ आपल्या बळावर चालते असे सांगणाऱ्यांनी ह्या उदाहरणाचा विचार करावा. राज्याने एका स्पर्धकाचा कर माफ केला, दुसऱ्याकडून तो पूर्ण घेतला आणि मग दुसरा बंद पडला तेव्हा ‘प्रेक्षकांची आवड बदलली’ असे निदान करण्यात आले. आवड बदललीही असेल. पण ती बदलण्यासाठी जनतेचा पैसा लागला. आणि ज्यांना ही माफी मिळाली त्यांनी मराठी चित्रपटाला सायंकाळचा खेळ द्यावा म्हणून एप्रिल २०१५ मध्ये सरकारला वेगळा फतवा काढावा लागला. माफी देतानाच ही अट घातली असती तर?

१ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि करमणूक कर त्यात विलीन झाला. मराठी चित्रपटाला करमणूक करातून असलेली सूटही त्याबरोबर गेली. आता राज्याला कर परस्पर माफ करता येत नाही; आपल्या वाट्याचा कर तिजोरीतून परत करावा लागतो. तरीही ‘करमुक्त’ हा शब्द टिकून आहे, कारण तो राजकीयदृष्ट्या सोयीचा आहे. १० जानेवारी २०२० रोजी ‘तान्हाजी’ आणि ‘छपाक’ एकाच दिवशी प्रदर्शित झाले. भाजपची सरकारे असलेल्या उत्तर प्रदेश व हरियाणाने पहिला करमुक्त केला, तर काँग्रेसची सरकारे असलेल्या मध्य प्रदेश व छत्तीसगडने दुसरा. महाराष्ट्रानेही ‘तान्हाजी’ला सूट दिली. २०२२ साली ‘द काश्मीर फाइल्स’ अनेक राज्यांत करमुक्त झाला. २०२३ साली ‘द केरला स्टोरी’ मध्य प्रदेश व उत्तर प्रदेशात करमुक्त, तर पश्चिम बंगालमध्ये थेट बंदी. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली. ह्या चित्रपटांच्या गुणावगुणांशी आज मला कर्तव्य नाही. प्रश्न असा की, कोणता चित्रपट पाहणे नागरिकाच्या हिताचे, हे मुख्यमंत्र्यांनी जनतेच्या पैशातून ठरवावे काय? राजाने खूश होऊन भाटाला कडे द्यावे, तसा हा व्यवहार आहे. फक्त कडे राजाच्या हातातले नसून रयतेच्या हातातले आहे.

शिवाय ही खैरात पोहोचते कोणाला? साधे गणित करून पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के कर आहे. त्यातला निम्मा राज्याचा. म्हणजे चित्रपट करमुक्त झाला की १०० रुपयांचे तिकीट काढणाऱ्याला अडीच रुपये सुटतात आणि ३०० रुपयांचे तिकीट काढणाऱ्याला सत्तावीस. तिकिटाची किंमत तिप्पट, पण सवलत जवळजवळ अकरापट. तालुक्याच्या गावी स्वस्त तिकिटावर चित्रपट पाहणाऱ्याला ह्या करमुक्तीतून चहाचा कपही मिळत नाही. आणि जिथे चित्रगृहच उरलेले नाही, तिथे तर काहीच मिळत नाही.

आता निर्मितीकडे वळू. परदेशी निर्मात्यांनी भारतात चित्रीकरण करावे म्हणून केंद्राने मे २०२२ मध्ये खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत परतावा जाहीर केला. त्याची मर्यादा दोन-अडीच कोटी होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा परतावा ४० टक्क्यांवर आणि मर्यादा ३० कोटींवर नेण्यात आली. राज्याराज्यांच्या अनुदान योजना वेगळ्याच. ‘दुसरे देतात, म्हणून आम्हीही देतो’ हे ह्या सगळ्यामागचे तर्कशास्त्र. अमेरिकेतील राज्ये ह्या वाटेवर आपल्या पुढे गेली आहेत, तेव्हा त्यांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. मिशिगन राज्याने २००८ साली खर्चाच्या ४२ टक्क्यांपर्यंत सवलत दिली. तिजोरीला ती झेपेना आणि २०१५ साली योजना गुंडाळावी लागली. कॅलिफोर्निया ही तर ह्या धंद्याची राजधानी. पण शेजाऱ्यांनी लावलेली बोली पाहून तिलाही २०२५ साली आपली वार्षिक सवलत ७५ कोटी डॉलरपर्यंत वाढवावी लागली. राज्ये एकमेकांवर बोली चढवतात. धंदा वाढत नाही, फक्त जागा बदलतो. आपल्याकडे ह्याची चुणूक एप्रिल २०२१ मध्ये दिसली. महामारीच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबले, तसे मालिकांचे संच काही दिवसांत गोव्यात व इतरत्र हलले. पुढे मे महिन्यात गोव्यानेही परवानग्या थांबवल्या. भांडवल असे हलके असते. हातावर पोट असलेल्या कामगारांपैकी अनेकांना मात्र तसे हलता आले नाही.

आणि येथेच माझ्या मते प्रश्नाचा गाभा आहे. सवलतीचे समर्थन नेहमी रोजगाराच्या नावाने होते. स्पॉटबॉय, लाइटमन, सेटिंगचे सुतार, वेशभूषा व रंगभूषा करणारे, ज्युनियर आर्टिस्ट ही ती माणसे. मालिकांच्या कामात दिवसाला बारा तासांची पाळी हा नियमच झाला आहे, आणि केलेल्या कामाचे पैसे तीन महिन्यांनी मिळणे ह्यात कोणालाही आश्चर्य वाटत नाही. चित्रपट कामगारांसाठी संसदेने १९८१ साली कायदा केला. त्यानुसार लेखी करार बंधनकारक होता. कल्याणनिधीसाठी चित्रपटांवर उपकरही बसवला होता. तो उपकर पुढे रद्द झाला. १९८१ चा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. तिच्यातही लेखी कराराची अट आहे. परंतु ज्या निर्मात्याने हा करार केलेला नाही, त्याला अनुदानाचा हप्ता देऊ नये, एवढी साधी सांगड घालण्याची निकड कोणाला वाटत नाही. रोजगाराच्या नावाने पैसा द्यायचा आणि मजुरी चुकती झाली का, हे विचारायचे नाही, ह्याला काय म्हणावे?

परवानग्यांबद्दल थोडक्यात सांगतो. मुंबईत रस्त्यावर चित्रीकरण करायचे तर महापालिका, पोलीस, वाहतूक शाखा, अग्निशामक दल अशा अनेक दारांत जावे लागे. ‘एक खिडकी’ योजना त्यासाठी आली आणि ती योग्यच आहे. दारे जितकी अधिक, तितके मधले हात अधिक. परंतु परवानगी ही केवळ निर्मात्याची अडचण नव्हे. रस्ता, किल्ला, जंगल, समुद्रकिनारा ह्यांवर इतरांचाही हक्क असतो आणि परवाना हे त्या हक्काचे संरक्षण आहे. १९७७ साली गोरेगावला पाचशे एकरांहून अधिक जागेवर चित्रनगरी उभी राहिली. राज्याने चित्रव्यवसायाला दिलेली ही फार मोठी देणगी. त्याच हद्दीत आदिवासींचे पाडे आहेत आणि त्यांना वीज-पाण्यासारख्या गोष्टींसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. रात्रीच्या चित्रीकरणासाठी प्रखर दिवे लागत होते, तेव्हा शेजारच्या झोपडीत काय जळत होते, हा प्रश्न कोणत्याही खिडकीवर विचारला जात नव्हता.

मग आपली मागणी काय असावी? सवलतीच बंद करा, असे मी म्हणणार नाही. मराठीसारख्या भाषेतील चित्रपटाला बाजाराच्या हवाली करणे म्हणजे त्याला मरू देणे होय. पण मदत उघड असावी. २००७ साली आशीर्वाद फिल्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशातील तेलुगू व इतर चित्रपटांचे वेगवेगळे करदर रद्द केले. केवळ भाषेवरून केलेल्या ह्या भेदाचे पुरेसे कारण राज्याला दाखवता आले नव्हते. त्यातून घ्यायचा धडा हाच की, भाषेला आधार द्यायचा तर कराच्या आडून न देता अर्थसंकल्पातून, कारण सांगून द्यावा.

म्हणून माझ्या सूचना पाच. एक, कोणत्या निर्मितीला अनुदान वा परतावा किती मिळाला, ह्याची नावनिशीवार यादी दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावी. दोन, लेखी करार आणि चुकत्या झालेल्या मजुरीचा दाखला, कामगार संघटनेच्या सहीसह, आल्याखेरीज शेवटचा हप्ता देऊ नये. तीन, चित्रपट करमुक्त करण्याचा मंत्र्यांचा स्वेच्छाधिकार संपवावा. चार, त्या पैशातून तालुक्याची चित्रगृहे आणि नगरपालिकांची नाट्यगृहे स्वस्त तिकिटाच्या खेळांसाठी सज्ज करावीत आणि अनुदानित चित्रपट तेथे दाखवणे बंधनकारक करावे. जत्रेतल्या तंबूत पडदा लावून चित्रपट दाखवणाऱ्यांनाही त्यात वाटा द्यावा. पाच, चित्रीकरणाचे परवाने ठरावीक मुदतीत व जाहीर दराने मिळावेत, विद्यार्थ्यांना व लहान माहितीपटांना ते मोफत असावेत, मोठ्या निर्मितीकडून मात्र स्थानिक नुकसानीपोटी अनामत घ्यावी.

ह्यातील पहिल्या सूचनेसाठी सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार आपल्या हाती २००५ पासून आहे. प्रत्येक जिल्ह्यातील साथींनी दोन अर्ज करावेत: आपल्या जिल्ह्यात चित्रित झालेल्या कोणत्या निर्मितींना सरकारी पैसा मिळाला, आणि त्यांपैकी किती जिल्ह्यातील पडद्यावर दाखवल्या गेल्या. उत्तरे आली की ती घेऊन स्थानिक कामगार, कलावंत आणि चित्रगृहांचे मालक ह्यांना एकत्र बसवा. त्या बैठकीत जे निष्पन्न होईल, ते आपण येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी लेखी निवेदनाच्या रूपाने सरकारपुढे मांडू.