फिरत्या पंखांचे विमान

मुळशीच्या आभाळाला हेलिकॉप्टरची घरघर नवी नाही. मुंबईहून पुण्याकडे, हैदराबादकडे निघालेली हेलिकॉप्टरे घाट ओलांडून आमच्या तालुक्यावरून जातात, आणि भातलावणी करणारी माणसे कंबर सरळ करून दोन क्षण वर पाहतात. मी इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवतो. हेलिकॉप्टर हा माझ्या अभ्यासक्रमातला धडा नव्हे. पण २०२४ सालच्या पावसाळ्यात तो मला शिकवावा लागला.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी भर पावसात पौडजवळ एक हेलिकॉप्टर कोसळले. जुहूहून हैदराबादला निघालेले, आत चार माणसे. नशीब थोर, चौघेही वाचले. पुढे सव्वा महिना लोटतो न लोटतो तोच, २ ऑक्टोबरला सकाळी, बावधनच्या डोंगरात दुसरे पडले आणि पेटले. त्यात दोन वैमानिक आणि एक अभियंता असे तिघे गेले. त्या सकाळी तिथे दाट धुके होते. दोन्ही ठिकाणे आमच्याच तालुक्यातली. मग वर्गात प्रश्न येणारच. एक मुलगा उभा राहिला नि म्हणाला, "सर, विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते पंखांवर तरंगत तरी येईल. हेलिकॉप्टरला पंखच नाहीत. ते दगडासारखंच खाली येणार ना?"

प्रश्न चांगला होता. मी लगेच "नाही" म्हणून गेलो, आणि ते "नाही" समजावून द्यायला मला पुढचा आठवडा लागला.

आधी पंखांचे बघू. एस.टी.च्या खिडकीतून लहानपणी तुम्हीही हात बाहेर काढला असेल. (काढू नये, कंडक्टर ओरडतो ते बरोबरच असते.) तळहात आडवा धरला की वारा नुसता कापला जातो. पुढची कड किंचित वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. वाऱ्याला खाली वळवले की वारा आपल्याला वर ढकलतो, एवढाच सगळा हिशेब. विमानाला हा वारा मिळवण्यासाठी धावपट्टीवर धावावे लागते. हेलिकॉप्टर धावत नाही, ते आपले पंखच गरगरा फिरवते. डोक्यावर जी लांब पाती दिसतात तेच त्याचे पंख. म्हणजे पंख नाहीत असे नव्हे, पंख जागच्या जागी धावत असतात. नावातही तेच आहे. आपण 'हेली' आणि 'कॉप्टर' असे तोडतो, पण मूळ ग्रीक शब्द 'हेलिको' आणि 'प्टेरॉन'. फिरकीसारखा पीळ आणि पंख.

आता कोणी म्हणेल, वर जायचे तर पंखा जोरात फिरवायचा आणि उतरायचे तर हळू. लग्नात फोटो काढायला येणारा तो चार पंख्यांचा ड्रोन बहुतेक असेच करतो. हेलिकॉप्टरचा पंखा मात्र जवळजवळ एकाच वेगाने फिरत राहतो. बदलतो तो पात्यांचा कल. वैमानिकाच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो. तो वर ओढला की सगळ्या पात्यांचा कल एकदम वाढतो आणि यंत्र उचलले जाते. उजव्या हातातली दांडी निराळे काम करते. ती पुढे रेटली की पाते मागच्या बाजूला जाताना जास्त कलते, पुढे येताना कमी. त्यामुळे पंख्याचे सगळे चाकच पुढे झुकते आणि हेलिकॉप्टर पुढे सरकते. डावीकडे, उजवीकडे, मागे, सगळे याच रीतीने. फिरत्या पात्याला दर फेरीत असे कमीजास्त कलवायचे ही सोपी गोष्ट नव्हे. त्यासाठी पंख्याच्या बुंध्याशी एक तबकडी बसवलेली असते, आणि माझ्या मते सगळ्या हेलिकॉप्टरमधला सर्वांत हुशार भाग तोच.

मग शेपटीवरचा लहान पंखा कशाला? आमच्या एका आजीबाईंना हे पटकन समजले. जात्यावर बसलेली बाई खुंटा ओढताना एक पाय लांब करून टेकवते. का? तर जाते एका बाजूला फिरवायला गेले की आपले अंग दुसऱ्या बाजूला फिरू पाहते. हेलिकॉप्टरला हवेत पाय टेकवायला जमीन नाही. इंजिन वरचा पंखा एका दिशेने फिरवते, तेव्हा खालचे धड उलट दिशेने गिरकी घेऊ लागते. शेपटीचा पंखा हवेला आडवे ढकलून ते धड धरून ठेवतो. त्याचा जोर वैमानिक पायांनी कमीजास्त करतो. म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात! इगोर सिकोर्स्कीने १९३९ साली अमेरिकेत उडवलेल्या यंत्रापासून हीच ठेवण रूढ झाली, आणि आपल्याकडे १९५४ साली हवाई दलात पहिले हेलिकॉप्टर आले तेही सिकोर्स्कीचेच, एस-५५.

हे वळण जिरवायचे कसे, यावरूनच हेलिकॉप्टरच्या जाती ओळखाव्यात. रंगावरून किंवा आकारावरून ओळखू नयेत असे मी मुलांना सांगतो. चेतक, चीता, ध्रुव, एमआय-१७, नौदलाचे सी किंग, ही सगळी एका मोठ्या पंख्याची आणि शेपटीच्या पंख्याची. पौडला पडले ते आणि बावधनला पडले तेही त्याच घराण्यातले, दोन-दोन इंजिनांचे. २०१९ साली हवाई दलात आलेल्या चिनूकला शेपटीचा पंखाच नाही. पुढे एक आणि मागे एक असे दोन मोठे पंखे, एकमेकांच्या उलट फिरणारे. एकाचे वळण दुसरा खाऊन टाकतो. सगळी शक्ती उचलण्याकडे जाते, म्हणून तोफा उचलून डोंगरावर ठेवायच्या कामी ते येते. नौदलाच्या कामोव्हमध्ये दोन पंखे एकाच दांड्यावर, एकावर एक, उलट फिरणारे. शेपूट आखूड, म्हणून जहाजावर मावायला सोयीचे. मंगळावर २०२१ साली उडालेले ते चिमुकले 'इंजेन्युइटी'सुद्धा याच घडणीचे होते. आणि अमेरिकेचे ऑस्प्रे तर दोन्ही पंखे वर करून हेलिकॉप्टरसारखे उठते नि मग ते पुढे वळवून विमानासारखे पळते.

तेवढा खटाटोप का करावा लागला? कारण हेलिकॉप्टरला विमानासारखे पळता येत नाही. हिशेब करून बघा. चेतकच्या पंख्याचा व्यास ११ मीटर, मिनिटाला फेऱ्या साधारण ३५०. म्हणजे पात्याचे टोक ताशी सातशे किलोमीटरच्या वर फिरते, ७३० धरा. आता हेलिकॉप्टर ताशी १५० ने पुढे निघाले. पुढे येणाऱ्या पात्याला वारा लागला ८८० चा आणि मागे जाणाऱ्याला ५८० चा. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, तेव्हा एका बाजूची उचल दुसरीच्या दुपटीहून जास्त! यंत्र कुशीवर उलटायला हवे. स्पेनच्या ह्वान दे ला सिएर्वाने यावर तोड काढली. पात्यांना बुंध्याशी बिजागरी दिली. जास्त उचल मिळणारे पाते थोडे वर उडते, आणि वर जाता जाता त्याला लागणाऱ्या वाऱ्याचा कल कमी होऊन उचलही कमी होते. १९२३ साली त्याचे यंत्र उडाले. ते खरे हेलिकॉप्टर नव्हते, पण ही बिजागरी हेलिकॉप्टरला त्याच्याकडूनच मिळाली. तरी वेग फार वाढवला की मागे जाणाऱ्या पात्याला वाराच पुरत नाही. ती मर्यादा राहिलीच.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. उन्हाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला गेलात तर झाडांवर चढलेली हळदवेल बघा. हिलाच माधवीलता म्हणतात. तिच्या फळाला कागदासारखे तीन पंख असतात. ते सुटले की सरळ खाली पडत नाही. भिरभिरत, रेंगाळत उतरते. त्याला कुठे इंजिन आहे? पडताना खालून लागणारा वाराच त्याला फिरवतो, आणि ते फिरणेच त्याला आवरून धरते. हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले की वैमानिकाने नेमके हेच साधायचे असते. डाव्या हातातला दांडा तत्काळ खाली. पात्यांचा कल कमी होतो, पंखा इंजिनापासून सुटा होऊन खालून येणाऱ्या वाऱ्यावर फिरत राहतो. यंत्र भराभर उतरते, पण ताब्यात असते. जमीन जवळ आली की वैमानिक नाक वर करून वेग मोडतो आणि दांडा वर ओढतो. फिरत्या पंख्यात साठलेली शक्ती एकदाच वापरून अलगद टेकतो. एकदाच, बरं का. दुसरी संधी नाही.

याचे मोठे उदाहरण आपल्या ओळखीच्या यंत्राचे आहे. आपले सैन्य ज्याला चीता म्हणते त्याचे फ्रेंच नाव लामा. १९७२ साली झाँ बुले या वैमानिकाने लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेले, एव्हरेस्टच्याही कितीतरी वर. तिथे इंजिन विझले. आणि बुले तेवढ्या उंचीवरून नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या भरवशावर सुखरूप खाली आला.

तेव्हा दगडासारखे नाही. पण त्यासाठी तीन गोष्टी पदरी लागतात: उंची किंवा वेग, उतरायला जागा, आणि डोळ्यांना दिसणे. शे-दीडशे फुटांवर जागच्या जागी तरंगणाऱ्या यंत्राजवळ ना उंची ना वेग. तिथे एकुलते एक इंजिन गेले तर पंख्याला वारा मिळायच्या आतच जमीन येते. आणि मुळशीत जागा तरी कुठे सपाट आहे? उतार, रान, धरणाचे पाणी, आणि उरलेली भातखाचरे, बांधाबांधांनी चिरलेली.

तिसरी गोष्ट, दिसणे, ही मला सगळ्यांत भारी वाटते. ताम्हिणीला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. कोकणातून येणारा दमट वारा सह्याद्रीला थडकतो, वर चढतो आणि तिथेच ढग बनतो. बघता बघता समोरचा डोंगर पुसला जातो. हेलिकॉप्टर बरेचदा ढगाखालून, जमीन बघत जाते. ढग खाली उतरला की तेही खाली उतरू लागते, आणि डोंगर तर वरच येत असतो. ढगात शिरल्यावर माणसाचे कान त्याला फसवतात. आपला तोल सांभाळणारी इंद्रिये कानात असतात. डोळ्यांची साथ सुटली की वळण घेत असतानाही सरळ जातोय असेच वाटते. उपकरणांवर विश्वास ठेवून उडण्याची सवय आणि सोय असेल तरच निभावते.

८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचे एमआय-१७ पडले. चौकशीत यंत्राचा बिघाड किंवा घातपात असे काही निघाले नाही. दरीतली हवा अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाला दिशेचे भान राहिले नाही आणि ते डोंगराला धडकले, असा निष्कर्ष हवाई दलाने सांगितला. यंत्र धडधाकट, दोन इंजिने, हात कसलेले, आणि तरीही. आमच्या तालुक्यातल्या दोन अपघातांबद्दल मी असे काही म्हणणार नाही. कारण ठरवणे हे तपास करणाऱ्यांचे काम, आणि पाऊस होता, धुके होते एवढ्यावरून निकाल देणे हा मास्तरकीचा आगाऊपणा होईल. पण एवढे मला वाटते, की घाटात ढग बसलेला असताना "साहेबांना वेळेवर पोचायचंय" हे कारण वैमानिकासमोर कोणी उच्चारू नये. निघत नाही म्हणणाऱ्या वैमानिकाला भित्रा म्हणण्याची आपली रीत फार वाईट आहे.

निवडणुका आल्या की हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानावरही उतरते, आणि सगळा गाव धावतो. तेव्हा थोडे कामाचे. पंखे थांबेपर्यंत जवळ जाऊच नये, हे उत्तम. जावेच लागले तर वैमानिकाने खूण केल्यावर, समोरून, त्याला दिसेल असे, वाकून जावे. मागून कधीही नाही. शेपटीचा पंखा इतका जोरात फिरतो की तो डोळ्यांना दिसतच नाही, आणि असतोही माणसाच्या उंचीच्या आसपास. आमच्यासारख्या डोंगराळ भागात आणखी एक ध्यानात ठेवा: उताराच्या वरच्या अंगाने यंत्राकडे उतरू नका, तिथे जमीन आणि पाती यांत अंतर कमी असते. मोठा पंखा थांबत आला की पाती मधूनमधून खाली लवतात, त्यामुळे "आता हळू झालाय" म्हणून ताठ मानेने चालू नये. टोप्या, फेटे, पदर सांभाळा. छत्री तर उघडूच नका.

आणि देव न करो, पण एखादे पडलेलेच दिसले, तर आधी पोलिसांना आणि रुग्णवाहिकेला फोन, मग पोरांना आवरणे. टाकीत तेल असते, ते कधी पेट घेईल याचा नेम नसतो. पौडला लोक धावत गेले तेव्हा धक्क्यातून नीट सावरलेलाही नव्हता तो वैमानिक, तरी जमलेल्यांना तो लांब व्हा म्हणून सांगत होता, असे तिथे हजर असलेल्यांनी वर्तमानपत्रांना सांगितले. मी हे वर्गात सांगितले, तेव्हा प्रश्न विचारणारा तो मुलगा खाली बसला आणि म्हणाला, "सर, आम्ही तर त्या दिवशी पळत तिकडेच चाललो होतो."