खोलीचे कुलूप



आम्ही सातवी पास. पुढची शाळा कारखान्यात आणि युनियनच्या कचेरीत झाली. 2004 साली एक कारखाना बंद पडला, तेव्हा तेथला लेथ आम्ही भंगाराच्या भावाने घेतला. मागाहून ड्रिल मशीन, ग्राइंडर, मायक्रोमीटर आले. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत आज हौसेचा लहानसा कारखाना उभा आहे. आणि त्याला कुलूप आहे!

परवा आमचा पुतण्या म्हणाला, "काका, तुमचे काम चित्रित करून यूट्यूबवर टाकू." आमच्याने 'हो' म्हणवेना. लेथवर हातमोजे घालायचे नसतात. मोजा अडकला की हात आत ओढला जातो. चकाची चावी चकातच राहिली आणि मशीन सुरू झाले, तर ती गोळीसारखी सुटते. शेजारी उभा असलेला उस्ताद पोराचे मनगट धरतो. पडद्यावरचा उस्ताद कोणाचे मनगट धरणार? शिवाय, ज्याच्याजवळ साधी कानस नाही, त्याला आमची अवजारे दाखवून काय द्यायचे? हेवा?

मग एक जुना टर्नर आठवला. आटे पाडताना तो आमच्याकडे पाठ करून गिअर लावी. हिशेब केवढा? लीड स्क्रूचा आटा 6 मिलिमीटरचा आणि हवा 2 चा, तर 20 दात्यांच्या गिअरने 60 दात्यांचा फिरवायचा. पण पोर शिकले तर आपली भाकरी जाईल, हे त्याचे भय होते. ते खोटे नव्हते. त्याला आम्ही दोष देत नाही. परंतु आमची भाकरी कोठे या लेथवर आहे? श्रमाची साधने श्रमणाऱ्यांची, असे तीस वर्षे सभांतून ओरडलो, आणि स्वतःच्या साधनांना मात्र कुलूप!

तेव्हा आम्ही ठरविले आहे. चित्रण करायचे. आधी धोका सांगायचा, मग काम. जे कानस व करवतीने होते, ते प्रथम त्यांनीच करून दाखवायचे. बिघडलेला नग लपवायचा नाही.

तरीही बोथट हत्याराचा बदललेला आवाज हाताला कसा जाणवतो, हे पडदा सांगणार नाही. म्हणून नारायण मेघाजी लोखंडे ज्या साप्ताहिक सुटीसाठी झगडले, आणि जी 1890 साली गिरणी कामगारांना मिळाली, त्या रविवारी आमची खोली उघडी राहील. ज्याला शिकायचे असेल त्याने यावे. फक्त बाह्या वर सारून यावे.